प्रतिसाद: टायटन अरम – फुलापेक्षा पान बघा

वर कुणीतरी टायटन अरमला, म्हणजे सुमात्रातल्या त्या अवाढव्य, दुर्गंधी वनस्पतीला, 'जगातलं सर्वात मोठं फूल' म्हटलंय. ते बरोबर नाही. तो फुलोरा आहे, म्हणजे एकाच दांड्यावरचा अनेक छोट्या फुलांचा समूह; सर्वात मोठ्या एकट्या फुलाचा मान रॅफ्लेशिया या दुसऱ्या वनस्पतीचा. खरी फुलं त्या उंच दांड्याच्या बुडाशी, आवरणाच्या आत दडलेली असतात, खाली मादी आणि वर नर. मादी फुलं आधी तयार होतात, नर फुलांचे पराग नंतर सुटतात, त्यामुळे स्वपरागण सहसा होत नाही. फुलोरा उमलताना सुटणाऱ्या कुजक्या मांसासारख्या दुर्गंधीवर इथे भरपूर लिहून झालंय. एवढंच जोडतो की तेव्हा दांडा चक्क तापतो, जवळपास माणसाच्या अंगाइतका, आणि त्या उष्णतेने वास दूरवर पसरतो.

पण पानाबद्दल कुणीच बोललं नाही, आणि मला तर तेच जास्त भन्नाट वाटतं. सुमात्राच्या जंगलात ही वनस्पती बहुतेक काळ फक्त एका पानावर जगते. सहा मीटरपर्यंत उंच, छत्रीसारखं पसरलेलं, पाहणाऱ्याला छोटं झाडच वाटावं असं. ज्याला आपण खोड समजतो तो खरं तर देठ. हिरव्या देठावर फिकट, वेडेवाकडे ठिपके असतात, दगडफूल चढलेल्या बुंध्यासारखे. वर्ष-दीड वर्षाने पान कोलमडतं, कंद काही महिने जमिनीत गप्प पडून राहतो, मग पुन्हा नवं पान. फुलोऱ्याचा खर्च झेपेल इतका साठा व्हायला बरीच वर्षं जातात. स्कॉटलंडमधल्या एडिंबराच्या वनस्पती उद्यानातला एक कंद २०१० साली १५३.९ किलो भरला होता!