युरोपला पैसे कसे न्यायचे? (सोसायटी ग्रुप, वडोदरा)

सुधाकाकू, बी-२०४: आम्ही दोघं पुढच्या महिन्यात झुरिक, पॅरिस, प्राग करतोय, टूरवाल्याशिवाय. पैसे कसे न्यायचे? डेबिट कार्ड आहेच, ते चालेल ना? शिवाय कपाटात जुने पौंड आणि स्विस फ्रँक सापडलेत.

शिर्के, डी-४०२: डॉलर घेऊन जा काकू. जगात कुठेही चालतात.

अनघा, सी-१०३: शिर्केभाऊ, युरोपसाठी डॉलर कशाला? इथे रुपयाचे डॉलर, तिथे डॉलरचे युरो, म्हणजे दोनदा कापून घ्यायचं. थेट युरो आणि फ्रँक घ्या. प्रागला युरो नाही, चेक कोरुना चालतो.

मोहितेकाका, ए-५०१: काकू, डेबिट कार्ड चालेल, पण महाग पडेल. बऱ्याच बँका परदेशी खर्चावर २ ते ३.५ टक्के मार्कअप, म्हणजे जादा आकार, लावतात आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. ३.५ धरले तर एक लाखावर ४,१३० रुपये गेले. एटीएममधून काढलेत तर बँकेची फी वेगळी, तिथल्या मशीनची वेगळी.
त्यापेक्षा मल्टिकरन्सी फॉरेक्स कार्ड घ्या, म्हणजे आधीच वेगवेगळी परकी चलनं भरून ठेवायचं कार्ड, प्रत्येक चलनाचा खिसा वेगळा. त्यात युरो आणि फ्रँक दोन्ही खिसे भरा. नुसते युरो भरून झुरिकला स्वाइप केलंत तर क्रॉस करन्सी चार्ज लागतो, तोही साधारण तीन-साडेतीन टक्के. म्हणजे कार्ड घेऊन उपयोग शून्य. कोरुनाचा खिसा नसेल तर प्रागसाठी बिनमार्कअपचं क्रेडिट कार्ड बरं.
कार्ड दोघांच्या नावावर वेगवेगळं काढा.

सुधाकाकू, बी-२०४: वेगवेगळं का?

मोहितेकाका, ए-५०१: एक हरवलं तर दुसरं हातात राहतं. शिवाय टीसीएस, म्हणजे परकी चलन घेताना आगाऊ कापला जाणारा कर. एप्रिल २०२५ पासून एका पॅनवर वर्षात १० लाखांपर्यंतच्या फॉरेक्सवर तो लागत नाही, वरच्या रकमेवर २० टक्के. तुमचा खर्च तिथवर जाणार नाही, पण त्याच वर्षी नातवाला पैसे पाठवले असतील तर तेही त्याच हिशेबात धरतात. कापला गेला तरी रिटर्नमध्ये वळता होतो, फक्त तोवर अडकून राहतो.

अनघा, सी-१०३: मशीनवर हमखास एक प्रश्न येतो: रुपयांत भरायचं की युरोत? रुपयांचा आकडा ओळखीचा दिसतो म्हणून माणूस तोच दाबतो. कधीही दाबू नका. दर त्या मशीनवाल्याचा असतो आणि वर आपली बँकही चार्ज लावू शकते. एटीएमवर "विदाउट कन्व्हर्जन" निवडा. वेटरने न विचारता रुपयांत बिल केलं तर पावती सही करायच्या आधी रद्द करायला लावा.

जोशीवहिनी, ए-२०३: हॉटेलचं डिपॉझिट फॉरेक्स कार्डावर दिलं तर?

मोहितेकाका, ए-५०१: नका देऊ. ते पैसे कापत नाहीत, पण रोखून धरतात आणि चेक-आउटनंतर सुटायला कधी दोन आठवडेही जातात. तेवढे पैसे फिरायला कमी. डिपॉझिट क्रेडिट कार्डावर, गाडी भाड्याने घेतलीत तरी तेच. क्रेडिट कार्डने एटीएममधून रोख मात्र काढू नका, त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं.

अनघा, सी-१०३: इथून निघण्याआधी ॲपमध्ये इंटरनॅशनल वापर चालू करा. कार्ड देशांतर्गत वापरापुरतंच चालू असतं, ते स्विच स्वतःच फिरवावं लागतं. एटीएम, दुकान, ऑनलाइन, टॅप: चारही वेगळे. मोबाइलवर रोमिंग चालू ठेवा, नाहीतर ओटीपी येणार नाही. आणि हेल्पलाइनचा १८०० चा नंबर परदेशातून सहसा लागत नाही. +९१ वाला नंबर कागदावर लिहून ठेवा.

शिर्के, डी-४०२: आणि यूपीआय? 😄

अनघा, सी-१०३: फ्रान्समध्ये आयफेल टॉवरच्या तिकिटाला २०२४ पासून सोय आहे. पण पॅरिसच्या बेकरीत क्यूआर शोधत बसू नका. तेवढ्यासाठी आधी ॲपमध्ये यूपीआय इंटरनॅशनल सुरू करावं लागतं.

सुधाकाकू, बी-२०४: रोख किती?

मोहितेकाका, ए-५०१: नियमाने माणशी ३,००० डॉलरइतके नेता येतात, पण एवढे लागत नाहीत. प्रत्येकी ३०० युरो आणि १०० फ्रँक पुष्कळ. छोट्या नोटा मागा, पाचाच्या, दहाच्या, विसाच्या. स्वच्छतागृहाला नाणी लागतात, ती तिथेच मोडून मिळतील. स्विस दुकानं युरो घेतात, पण दर त्यांचा आणि सुटे फ्रँकमध्ये. उरलेली नाणी इथे कुणी बदलून देत नाही, ती संपवूनच या.
खरेदी प्रवासाच्या आधी ६० दिवसांत करता येते. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, पॅन लागेल. ५०,००० रुपयांच्या वर रोख देता येत नाही, चेक किंवा ट्रान्सफर. अलकापुरीत दोन-तीन ठिकाणी दर विचारा, पण "जीएसटी आणि सर्व्हिस चार्ज धरून हातात किती युरो?" असंच विचारा. नुसत्या दरावर जाऊ नका. विमानतळावर तर अजिबात घेऊ नका.

जोशीवहिनी, ए-२०३: आणि ते कपाटातले?

मोहितेकाका, ए-५०१: पौंड कागदी आहेत की प्लास्टिकचे बघा. कागदी २० आणि ५० चे ३० सप्टेंबर २०२२ नंतर दुकानात चालत नाहीत, ५ आणि १० चे त्याआधीच गेले. बँक ऑफ इंग्लंड मात्र बदलून देते. फ्रँक आठव्या मालिकेचे असतील तर त्यांचं चलन ३० एप्रिल २०२१ ला थांबलं. तुम्ही झुरिकला जाताच आहात, तिथे स्विस नॅशनल बँकेच्या खिडकीवर बदलून मिळतील.

अनघा, सी-१०३: प्रागला रस्त्यावर "चांगला रेट" म्हणणाऱ्याकडून काही घेऊ नका, दुसऱ्याच देशाच्या बाद नोटा हातात ठेवतात. अधिकृत दुकानातही पावती घ्या. दर फसवा वाटला तर १,००० युरोपर्यंतचा व्यवहार ३ तासांत रद्द करता येतो, तिथला कायदाच आहे.

शिर्के, डी-४०२: बरं, मग माझ्याकडचे २०० डॉलर काकूंना आजच्या गुगल रेटने देऊन टाकतो.

मोहितेकाका, ए-५०१: ते नाही चालत भाऊ. फेमाखाली, म्हणजे आपल्या परकी चलनाच्या कायद्याखाली, परकी चलन विकायचं तर फक्त अधिकृत डीलरला. उरलेलं परतल्यापासून १८० दिवसांत विकायचं असतं, पण २,००० डॉलरपर्यंत स्वतःजवळ ठेवता येतं. तुमचे २०० बसतात त्यात, पुढच्या वेळी न्या.