बाहेरून आलेला फौजी गव्हर्नर कसा काय झाला?

खाडीकाठी: आमच्या दापोलीकडे फौजी बक्कळ, पण रिटायर झाले की बँकेत वॉचमन नायतर कलमांना पाणी. परवा क्नूट नेल्सनचं वाचलं, ६ वर्षांचा असताना आईबरोबर नॉर्वेहून अमेरिकेत गेला आणि पुढे मिनेसोटाचा गव्हर्नर!! परक्याला मतं देतात लोक? इकडे शेजारच्या वाडीतला उभा राहिला तरी "आपल्यातला नाय" म्हणतात.

रापणकर: परका कसला, मिनेसोटात नॉर्वे-स्वीडनचे शेतकरी ढिगाने, गिरणगावात आपला कोकणी माणूस निवडून यायचा तसंच ते. आणि एका रात्रीत नाय झालं हां, अमेरिकेच्या यादवी युद्धात विस्कॉन्सिन राज्याच्या पलटणीत होता, १८६३ ला पोर्ट हडसनला जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला, मग सुटका, वकिली, आधी विस्कॉन्सिनची असेंब्ली, मग मिनेसोटाची सिनेट, तेव्हा कुठे १८९३ ला गव्हर्नर. १८९५ ला वॉशिंग्टनला सिनेटर झाला तो १९२३ ला मरेपर्यंत.

सोलकढी: युनियनकडून, म्हणजे उत्तरेकडच्या राज्यांच्या बाजूने लढलेला म्हटल्यावर रिपब्लिकन पक्षात वजन असणारच. आमचे आजोबा सुभेदार, कोटाला मेडलं लावून सरपंचकीचा प्रचार केला, ११ मतांनी पडले. चाकरमानी मतदानाला आलेच नाहीत, शिमग्याला मात्र सगळे हजर 😄