रायडन, १९४३ असे जुने विमानांचे गेम आता घरी नीट खेळायचे तर?

डहाणूकर_कॉलनी

नमस्कार मंडळी. नव्वदच्या दशकात पुण्यात कर्वे रोडला व्हिडिओ गेमचं एक पार्लर होतं. पोरांची झुंबड फायटिंगच्या मशीनभोवती असायची, मी कोपऱ्यातल्या विमानाच्या गेमला चिकटलेला. नाव रायडनच होतं, पहिला की दुसरा ते आठवत नाही. त्यातला जांभळा लेझर मात्र डोळ्यांसमोर आहे, सापासारखा वळवळत शत्रूच्या विमानांना विळखा घालणारा.

आता लेकीसाठी पीएस५ (प्लेस्टेशन ५) घरात आलाय. स्टोअरवर बघतो तर जुन्या आर्केड, म्हणजे पार्लरमधल्या, गेमचा नुसता ढीग. कॅपकॉम आर्केड स्टेडियम या संचातला १९४३ उतरवला. ५५ इंची टीव्हीच्या मधोमध एक चिंचोळी पट्टी, दोन्ही बाजूंना काळोख. शिवाय बटण दाबल्यावर विमान जरा मागाहूनच हलतं. दुसरा एक गेम घेतला, त्यात क्रेडिटला, म्हणजे नाणं टाकून मिळायची त्या डावांना, अंतच नाही. लेक मेली की बटण, मेली की बटण, असं करत शेवटपर्यंत गेली आणि म्हणाली, "संपला की बाबा." मला फार वाईट वाटलं. हे गेम असे संपणारे नव्हते. काय घ्यावं आणि कसं खेळावं, जाणकारांनी सांगा.

एकच_क्रेडिट

वळणारा जांभळा लेझर म्हणजे रायडन २. सेइबू काइहात्सू या जपानी कंपनीचा, १९९३चा. तो लेझर रायडन ४मध्ये परत आलाय आणि त्याची 'मिकाडो रीमिक्स' आवृत्ती पीएस५वर मिळते. मिकाडो हे टोकियोच्या ताकादानोबाबा भागातलं गेम सेंटर. त्यांनी करून घेतलेलं नवं संगीत त्यात आहे आणि ते खरंच दणदणीत आहे.

आधी टीव्ही सुधारा. हे गेम सेकंदाला ६० फ्रेमने चालतात, म्हणजे एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची. चित्र गुळगुळीत करण्याच्या नादात टीव्हीने तीन फ्रेम खाल्ल्या की ५० मिलिसेकंद गेले. रायडनमधला रणगाडा नेम धरून वेगवान गोळी मारतो, तिथे एवढा उशीर परवडत नाही. टीव्हीच्या मेनूत गेम मोड चालू करा आणि मोशन स्मूदिंगसारखं जे काही असेल ते बंद करा. फरक लगेच हाताला जाणवेल.

आता पट्टी. पार्लरमधल्या त्या मशीनमध्ये पडदा उभा बसवलेला असायचा, रुंदी-उंची ३:४. आडव्या १९२० बाय १०८० पडद्यावर त्याला जेमतेम ८१० पिक्सेल रुंदी मिळते, निम्म्याहून कमी. तोच पडदा उभा केला की चित्र १०८० बाय १४४० होतं, क्षेत्रफळ पावणेदोन पटीच्या वर. त्यासाठी टीव्हीला हात लावू नका, स्टँडवर फिरणारा साधा २४ इंची मॉनिटर घ्या. गेमच्या मेनूत चित्र फिरवायची सोय असते.

क्रेडिटबद्दल तुम्हाला वाईट वाटलं ते अगदी बरोबर आहे. नव्या आवृत्त्यांनी नाणं काढून टाकलं, पण त्या जागी काय दिलं हे बघून गेम घ्यावा असं माझं ठाम मत आहे. नुसता रॉम (मूळ मशीनमधला गेम जसाच्या तसा) आणि वर अमर्याद क्रेडिट, एवढंच असेल तर पैसे घालू नका. एमटू या जपानी कंपनीचं काम बघा. त्यांचा 'बॅटल गरेगा रेव्ह. २०१६' पीएस४चा आहे, पीएस५वर चालतो. मूळ बॅटल गरेगा १९९६चा. त्यात 'रँक' नावाची एक गोष्ट आतल्या आत चालू असते. तुम्ही जितक्या गोळ्या झाडाल, जितक्या वस्तू गोळा कराल तितका रँक चढतो, शत्रू चिवट होतात, गोळ्या वाढतात. मेलात की तो उतरतो. म्हणून पट्टीचे खेळाडू गुण कमावून जादा विमान मिळवतात आणि योग्य वेळी एक विमान मुद्दाम घालवतात! मशीनवर हे काहीच दिसत नव्हतं. पोरं बटण बडवत बसायची आणि तिसऱ्या-चौथ्या स्टेजला गेम एवढा का खवळला ते कुणाला कळायचं नाही. एमटूने पडद्याच्या बाजूच्या त्या रिकाम्या काळ्या जागेत रँक आकड्यांत दाखवलाय. हात बटणावरून काढला की चढ मंदावते, हे खेळता खेळता दिसतं. मी तर एका संध्याकाळी फक्त तो आकडा बघत खेळलो आणि गेम पहिल्यांदा उलगडला.

पडदा उभा केला की बाजूची जागा जाते, तेव्हा ही माहिती नीट बघायची तर शिकताना आडवाच ठेवा. गेम अंगवळणी पडला की उभा करा.

लेकीला एवढंच सांगा की एका क्रेडिटवर कुठवर जातेस ते बघू. दुसरी स्टेज गाठली तरी त्या दिवशी पेढे वाटा.

रात्रपाळी

वरच्या प्रतिसादाशी बराचसा सहमत, पण लहान मुलांना लगेच एका क्रेडिटची अट नको. माझा भाचा रिवाइंड, म्हणजे खेळ मागे न्यायची सोय, वापरूनच शिकला. तोच बॉस (स्टेजच्या शेवटचा मोठा शत्रू) पुन्हा पुन्हा मागे नेऊन खेळला, आता न वापरता मारतो.

लॅपटॉप असेल तर स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानात रुपयांत किमती आहेत. टोआप्लान या जुन्या जपानी कंपनीचे ट्रक्स्टन, ट्विन कोब्रा, आउट झोन, झीरो विंग हे २०२३मध्ये तिथे आलेत, सोप्या खेळाच्या सोयींसह. मुशिहिमेसामाही आहे, त्यात नवशिक्यांसाठी वेगळा मोड आहे. गोळ्यांनी पडदा भरलेला बघून घाबरायचं नाही, तुमच्या पात्राचा गोळी लागणारा भाग मधे अगदी छोटासा असतो. रायडनमध्ये आख्खं विमान सांभाळावं लागतं.

लिव्हरवाला

कंट्रोलरच्या अंगठ्याच्या काडीवर हे गेम खेळू नका, निदान डी-पॅड (चार दिशांची बटणं) वापरा. जमलं तर लिव्हरची पेटी, म्हणजे पार्लरसारखा दांडा आणि बटणं बसवलेली, करून घ्या. मी भवानी पेठेत टिंबर मार्केटमधून प्लाय आणला आणि ओळखीच्या सुतारमामांकडून पेटी ठोकून घेतली. वरची फळी १८ मिमीची घेऊ नका, लिव्हरचा दांडा आत बुडतो आणि मूठ ठेंगणी वाटते. बारीक प्लाय घ्या किंवा लिव्हरच्या जागी खालून खाच मारून घ्या. बटणांची भोकं ३० मिमीची. बटणं खालून चकतीने आवळायची घ्या, नुसती दाबून बसणारी लाकडात धरत नाहीत. वायरी, क्लिपा तापकीर गल्लीत मिळून जातात. सर्किट मात्र पीएस५ला चालणारं आहे ना, ते आधी विचारून घ्या. पीसीवर चालणारं प्रत्येक सर्किट तिथे चालत नाही.

डहाणूकर_कॉलनी

सगळ्यांचे मनापासून आभार. गेम मोड लावला, विमान आता हाताबरोबर हलतंय! मॉनिटर घ्यायचं ठरतंय, पण घरचे म्हणतात टीव्ही असताना आणखी एक पडदा कशाला. आडव्या टीव्हीवर शोभेल असं काही आहे का? आणि मॉनिटर घेतलाच तर कुठल्या बाजूला फिरवायचा?

एकच_क्रेडिट

मग आधी आडवे, म्हणजे विमान डावीकडून उजवीकडे जातं असे, गेम घ्या. कोनामीचा 'ग्रेडियस ओरिजिन्स' ऑगस्ट २०२५मध्ये पीएस५वर आलाय, एमटूनेच केलेला. सात गेम, मिळून १८ आवृत्त्या, आणि सालामँडर ३ हा त्यातला एक गेम नवाकोरा. चित्र ४:३ आहे, टीव्हीची तीन चतुर्थांश रुंदी भरते. ग्रेडियसमध्ये मेलात की कमावलेली सगळी शस्त्रं जातात आणि मागे जाऊन साध्या विमानाने तोच अवघड भाग पार करावा लागतो. ट्रेनिंग मोडमध्ये नेमका तेवढा तुकडा घोटून घेता येतो. लेकीबरोबर बसून घोटा, दोघांनाही येईल.

मॉनिटर कुठेही फिरवा, चित्र दोन्ही बाजूंना फिरवता येतं. एचडीएमआय केबल मात्र लांब घ्या. आखूड असली तर पडदा फिरवताना पोर्टवर ताण येतो.