व्हायोलिनची पेटी (वाद्याचं पोकळ अंग) भर पावसाळ्यात चिकटवून बंद करावी का? (मदत हवी आहे)

पॅटर्नवाले आबा, ९ जुलै

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात फौंड्रीत पॅटर्नमेकर म्हणून ३४ वर्षं काढली, आता रिटायर. आयुष्यभर साच्यांसाठी लाकूड तासलं, वाजणारं लाकूड कधी हातात घेतलं नव्हतं. नात व्हायोलिन शिकते. तिच्या स्वस्तातल्या व्हायोलिनची खालची कड सुटली म्हणून उघडून बसलो आणि तिथंच आपणही एक व्हायोलिन बनवावं असा डोक्यात किडा शिरला.

पुतण्या म्युनिकला असतो. त्याने मिटेनवाल्डहून स्प्रूस आणि मेपलचं लाकूड आणून दिलं. इटलीत क्रेमोनाच्या संग्रहालयात जुना नामांकित व्हायोलिनकार स्ट्रॅडिव्हरी याचे लाकडी साचे जपून ठेवलेत, त्यातल्या ‘जी’ साच्याच्या नकाशावरून प्लायवूडचा साचा कापला. हे आमचंच काम, त्यामुळे इथे कुठे अडलं नाही. कडेच्या पट्ट्या १ मिलिमीटरच्या, गरम पाइपवर वाकवल्या. तीन मोडल्या. मे अखेरीला पाठ (मागची फळी) कडांना चिकटवली. दोन तुकडे मधोमध जोडलेली वरची फळीही कोरून तयार आहे, मध्ये ३ मिलिमीटर, एफ (आवाजाची दोन भोकं) पाडलेत, बासबार (आतून लावायची लांब पट्टी) बसवलाय. सगळीकडे दाणेदार सरस, पाण्यावर पातेलं ठेवून. (घरात वासावरून रोज बोलणी खातोय ते वेगळं.)

आता अडचण. मे महिन्यात फळी खालच्या फुगवट्याशी २०६ मिलिमीटर होती. परवा पेटीवर ठेवली तर कडेच्या बाहेर जास्तच येतेय. व्हर्नियर लावला, २०७.८! लांबी मात्र ३५६ची ३५६. शिवाय फळीचा मधला जोड खालच्या टोकाशी ४ सेंटिमीटर उघडलाय, उजेडासमोर धरली की रेघ दिसते.

बीड थंड होताना आकसतं म्हणून साच्यात मीटरमागे १० मिलिमीटर सूट धरायची हे झोपेत सांगेन, पण ही सूट कशी धरतात? नातीला दसऱ्याचा शब्द दिलाय. जोड पुन्हा रंधून घेऊ का, आणि पेटी आत्ता बंद करू का? जाणकारांनी सांगावं.

हडपसरी, ९ जुलै

फेविकॉल भरा फटीत आणि करा बंद. पावसाळा काय दरवर्षीच येतो.

सरसकट, ९ जुलै

आबा, वरचा सल्ला कृपया ऐकू नका. फेविकॉलचा जोड सतत ताणाखाली हळूहळू सरकतो आणि नंतर तिथे सरस धरत नाही. सरस ओल आणि उष्णतेने सुटतो म्हणून तर दोनशे-तीनशे वर्षांची वाद्यं उघडून दुरुस्त करता येतात.

मी पुण्यात व्हायोलिनं दुरुस्त करतो, चार बनवलीही आहेत. आधी तीन गोष्टी सांगा. फळीचं वजन मे महिन्यात किती होतं, आज किती? खोलीत आर्द्रता किती? आणि खरं सांगा, फळी फुगलेली दिसल्यावर तिला कुठे ऊब दिलीत का?

पॅटर्नवाले आबा, १० जुलै

वजन मे महिन्यात बासबारसकट ६८ ग्रॅम लिहून ठेवलं होतं. आज सोनाराच्या काट्यावर ७३. खोली गच्चीवर पत्र्याची, मीटर ८८ टक्के दाखवतो.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लिहायला लाज वाटते. रुंदी वाढलेली बघून घाबरलो आणि फळी एक रात्र हॅलोजनखाली ठेवली. सकाळी फट होती. पहिल्या पोस्टमध्ये मुद्दाम लिहिलं नाही.

सरसकट, १० जुलै

वाटलंच होतं. लाकडाची टोकं मधल्या भागापेक्षा फार लवकर सुकतात. दिव्याखाली टोकं आकसायला लागली, मधला भाग फुगलेलाच राहिला, तो ताण टोकाशी असलेल्या जोडावर आला. टोकालाच फट आहे, मध्ये नाही, म्हणजे तुमचं रंधकाम वाईट नाही.

पुन्हा रंधा अजिबात मारू नका. कोरलेल्या फळीची रुंदी गेली की एफ एकमेकांच्या जवळ सरकतात आणि बासबारची जागा चुकते. फळी आधी सावकाश सुकवा. मग कोमट पाण्यात बुडवलेल्या बारीक ब्रशने फटीतला जुना सरस धुऊन काढा, ताजा पातळ सरस आत जाऊ द्या, हलका क्लॅम्प. आतून स्प्रूसच्या दोन लहान चकत्या लावा, कडा तासून पातळ केलेल्या.

पेटी मात्र आत्ता बंद करू नका. लाकूड रेघांना आडवं फुगतं, रेघांच्या दिशेने जवळपास नाहीच, म्हणून तुमची लांबी हलली नाही. कडेच्या पट्टीची रेघ पट्टीच्या लांबीने जाते, त्यामुळे पेटीचा घेर तसाच राहतो, फळी तेवढी वाढते. फुगलेली चिकटवलीत तर थंडीत ती जवळजवळ २ मिलिमीटर आत यायला बघणार आणि कडा तिला येऊ देणार नाहीत. नशीब असेल तर सरसाचा जोड कुठेतरी सुटेल. नसेल तर फळी फाटेल, बरेचदा एफच्या खालच्या टोकापासून. पाठ तर तुम्ही चिकटवलीच आहे, तिचंही बघा. सपाट टेबलावर पेटी डुगडुगते का?

पॅटर्नवाले आबा, १० जुलै

डुगडुगते! मला वाटलं टेबलच वाकडं.

सरसकट, ११ जुलै

पाठ अडकलेली आहे, त्यामुळे रुंद व्हायच्या ऐवजी बाहेर फुगलीय. पेटीही फळीबरोबर सुकवा. जुनं लोखंडी कपाट असेल तर खाली २५ वॅटचा पिवळा बल्ब लावा, लाकडापासून लांब, वर हवा जायला फट ठेवा. बाहेरच्यापेक्षा आत आठ अंश जास्त झाले की ८५ टक्क्यांची आर्द्रता साधारण ५५वर येते. पण पहिल्याच दिवशी आठ अंश नकोत, दार उघडं ठेवून सुरुवात करा.

मीटर आधी तपासा. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन चिखलासारखं ओलं करा आणि मीटरसोबत बंद डब्यात रात्रभर ठेवा. ७५ दाखवायला हवं. फरक येईल तो लक्षात ठेवायचा.

आणि फळीचं रोज वजन करा. वजन उतरायचं थांबलं की लाकूड हवेशी जुळलं.

मिरजेचा भोपळा, १४ जुलै

अवांतर: आबा, वार्निश कसलं देणार? लाखेचं असेल तर तेही आत्ता नको. आमच्या गल्लीत तंबोरे बनतात, भर पावसात लाखेच्या पॉलिशवर पांढरट झाक येते. कोल्हापूर-मिरज पन्नास किलोमीटर, एकदा येऊन जा. व्हायोलिनचं कुणी सांगणार नाही, पण लाकूड आणि सरस यांच्यावर दिवसभर बोलतील.

पॅटर्नवाले आबा, ६ ऑगस्ट

मीटर ५ टक्के जास्त दाखवत होता. कपाट सौ.च्या साड्यांचं होतं, त्याच्या वाटाघाटीत चार दिवस गेले. वजन ७३वरून उतरत ६९.५वर आलं आणि गेले पाच दिवस तिथेच आहे. रुंदी २०६.५. फट दिसेनाशी झाली होती, तरी सांगितल्याप्रमाणे धुऊन सरस भरला, चकत्या लावल्या. पेटी टेबलावर गप्प बसते.

मिरजेलाही जाऊन आलो. तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिराने फळी टिचकी मारून ऐकली, परत दिली आणि एवढंच विचारलं, “घाई कुणाला आहे?”

नातीला सांगून टाकलं, दसऱ्याला नुसतं पांढरं व्हायोलिन बघायला मिळेल, वार्निश थंडीत. ती म्हणाली, “आबा, तारा लावल्या तर वाजेल ना?” तेवढं जमेल असं वाटतंय.

उद्या सकाळी पेटी बंद करतोय. टॉपला (वरच्या फळीला) सरस मधल्या जोडाएवढाच घट्ट घ्यायचा का?

सरसकट, ६ ऑगस्ट

नाही, बराच पातळ करा. मधला जोड कायमचा आहे, टॉप मात्र कधीतरी सुरी घालून उघडावाच लागतो, आणि पहिल्या व्हायोलिनचा बासबार बदलावासा वाटतोच. पंखा बंद, खोली गरम, कडा आधी कोमट करून घ्या. सगळे क्लॅम्प एकदा सरसाशिवाय लावून बघा, नंतर शोधायला वेळ मिळत नाही.