गजर बंद करून झोप मोजायची, तर पहिल्या रात्रींचे आकडे धरायचे का?

घुबड_१२वाजता:
भाऊबीजेनंतर सलग नऊ दिवस रजा आहे. तेवढे दिवस गजर न लावता झोपून आपल्या शरीराला मुळात किती झोप लागते ते काढायचं आहे. एरवी रात्री १२ ते सकाळी ६, आणि रविवारी १० पर्यंत. नऊ दिवस पुरतील का? पहिल्या एकदोन रात्री दहा-दहा तास झोप लागली तर ती सरासरीत घ्यायची की सोडायची? मनगटावरच्या घड्याळाचा आकडा चालेल का? आणि झोप ९०-९० मिनिटांच्या आवर्तनांत येते, म्हणून आवर्तन संपेल ती वेळ काढून तेव्हाच उठावं, हे गणित खरं की नुसती फेकाफेकी?

मोजपट्टी:
सोडायच्या. रविवारी चार तास जास्त झोप लागते म्हणजे आठवडाभराची थकबाकी आहे, पहिल्या रात्री तिचीच वसुली होते. अमेरिकेत झोपेचे संशोधक थॉमस वेर यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला निरोगी माणसांना चार आठवडे रोज १४ तास अंधारात ठेवलं होतं. सुरुवातीला ती माणसं भरपूर झोपली, मग आकडा उतरत उतरत सव्वाआठ तासांच्या आसपास थांबला. आपल्याला तो थांबलेला आकडा हवा. चौदा दिवस मिळाले तर उत्तम. नऊच असतील तर पहिले चार टाकून द्या आणि उरलेल्या पाचांची सरासरी काढा. दिवाळीच्या आत सुरू करत नाही हे बरं केलंत, अभ्यंगस्नानाच्या पहाटेने सगळं बिघडलं असतं.

झोपायची वेळ पक्की ठेवा, उठायची मोकळी सोडा. दोन्ही मोकळ्या सोडल्या की झोपायची वेळ रोज थोडी थोडी पुढे सरकते आणि सकाळचं ऊन-आवाज झोप मध्येच तोडतात. पण बाराची सवय असताना पहिल्याच रात्री दहाला आडवं होऊ नका, तासभर कूस बदलत पडाल. दर दोन दिवसांनी १५-२० मिनिटं अलीकडे या, आणि हे आत्तापासूनच सुरू करा. सकाळी उठल्यावर अर्धा तास उघड्यावर उजेडात गेलात तर रात्रीची झोपही अलीकडे येते.

उशाशी वही ठेवा. त्यात दिवे बंद केल्याची वेळ, डोळा लागायला गेलेली अंदाजे मिनिटं, मधल्या जागरणाची मिनिटं, शेवटची जाग आणि दिवसाची डुलकी लिहा. समजा दिवे १०:४५ ला बंद, डोळा लागायला २० मिनिटं, मध्ये १५ मिनिटं जाग, सकाळी ६:५० ला टक्क जाग. अंथरुणात ४८५ मिनिटं, झोप ४५० मिनिटं, म्हणजे साडेसात तास. अंथरुणातल्या वेळेच्या ८५ टक्के किंवा जास्त झोप असेल तर नोंद धरायला हरकत नाही. त्याहून कमी असेल तर आधी झोप का मोडते ते शोधा. वही सकाळीच भरा. रात्री घड्याळात बघत बसलात की त्यानेच झोप उडते.

मोजणीच्या दिवसांत वामकुक्षी नको. झालीच तर ती मिनिटंही त्या दिवसाच्या बेरजेत धरा.

दोन_वाजेनंतर_चहा_नाही:
वरच्यात भर. कॅफीन शरीरातून निम्मं उतरायला साधारण पाच-सहा तास लागतात. पाचच्या चहातलं निम्मं रात्री दहा-अकरालाही शिल्लक असतं. मद्याने झोप लवकर लागते, पण रात्रीचा उत्तरार्ध तुटक होतो आणि आकडा खोटा येतो.

यापेक्षा जास्त गोंधळ घर घालतं. नळाला साडेपाचला पाणी येत असेल आणि बादल्या लावायचं काम तुमच्याकडे असेल, तर नऊ दिवस ते दुसऱ्या कुणाकडे द्या. पूर्वेच्या खिडकीला जाड पडदा लावा. त्या दिवसांत मुंबई-पुण्याकडे सूर्योदय साडेसहा-पावणेसातला होतो. तेव्हाच रोज जाग येत असेल तर ती शरीराची की उजेडाची, हे कळायला मार्ग नाही. कुकरच्या शिट्टीने जाग आली तर त्या दिवसापुढे फुली मारा.

तारा_डोक्याला:
घड्याळाचं. ते हालचाल आणि नाडी यांवरून अंदाज बांधतं. तुम्ही न हलता छताकडे बघत पडलात तरी बऱ्याचदा ती झोप म्हणून जमा होते, म्हणून आकडा फुगतो. ‘गाढ झोप ५२ मिनिटं’ वगैरेकडे तर लक्षच देऊ नका. झोपेचे टप्पे नीट कळतात ते डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी मोजल्यावर. वहीतल्या वेळा ताडून बघायला घड्याळ ठीक आहे.

आवर्तन सरासरी ९० मिनिटांचं असतं हे खरं, पण ते ७० पासून १२० पर्यंत बदलतं, एकाच माणसाचं एकाच रात्रीतही. पाच आवर्तनांत प्रत्येकी २० मिनिटांची चूक धरली तर १०० मिनिटं झाली. मग ‘बरोबर ६:१५ ला उठा’ या सल्ल्याला अर्थ काय राहिला?

शिफ्टवाला:
नऊ दिवस रजा मिळणारे भाग्यवान. ज्यांना नाही त्यांनी काय करायचं? आणि सहा तासांची सवय होते म्हणतात, त्याचं काय?

मोजपट्टी:
रजा नसेल तर उलटं करा. उठायची वेळ सातही दिवस तीच, रविवारीसुद्धा. झोपायची वेळ दर आठवड्याला २० मिनिटं अलीकडे आणा आणि तीन खुणा बघा. गजराच्या आधी आपोआप जाग येते का? सकाळी अकराच्या सुमारास बसल्या जागी झापड येते का? (दुपारच्या जेवणानंतरची पेंग धरू नका, ती पुरेशी झोप झालेल्यालाही येते.) आणि डोळा लागायला किती वेळ जातो? ‘पाठ टेकली की घोरतो’ हे आपल्याकडे कौतुकाने सांगतात, पण रोज पाच मिनिटांच्या आत झोप लागणं हे बहुधा झोप अपुरी असल्याचं लक्षण. दहा-वीस मिनिटं ठीक. तिन्ही खुणा जुळल्या की तिथे थांबा. रात्रपाळी बदलती असेल तर मात्र ही रीत लागू नाही, एका पाळीचे सलग दोन-तीन आठवडे मिळाले तरच करा.

सवयीचं म्हणाल, तर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांचा २००३ चा प्रयोग बघा. १४ दिवस रोज सहा तास अंथरुणात राहिलेल्यांच्या लक्ष देण्यातल्या चुका अखेरीस रात्रभर जागलेल्यांएवढ्या झाल्या, पण त्यांना स्वतःला विचारलं तर थोडीशीच झोप येतेय म्हणत होते. म्हणजे सवय झाली ती थकवा न जाणवण्याची. जन्मजात सहा तासांवर भागणारी माणसं असतात, जनुकातला तसा बदल २००९ मध्ये सापडला, पण ती फार विरळा. अशांना रविवारी दहापर्यंत झोप लागत नाही.

तारा_डोक्याला:
प्रौढांसाठी सात ते नऊ तास धरतात, तेव्हा आकडा सव्वासात आला काय की पावणेनऊ, दोन्ही ठीक. थकबाकी फिटल्यावरही रोज साडेनऊ-दहा तास लागत असतील आणि तरी दिवसा पेंग येत असेल, तर मोजणी थांबवून डॉक्टरांकडे जा. घोरताना मध्येच श्वास अडतो का, हे घरच्यांना विचारून जा. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ तपासून घ्या. सर्दीच्या काही गोळ्यांनीही गुंगी येते. दिवसा किती पेंग येते ते मोजणाऱ्या एपवर्थ प्रश्नावलीत आठ प्रसंग असतात, प्रत्येकाला ० ते ३ गुण. बेरीज १० च्या वर गेली तर तो कागद सोबत न्या.

घुबड_१२वाजता:
समजा साडेसात तास आले. रजा संपल्यावर ६ ला उठायचं तर १०:३० ला झोपायचं, एवढंच ना?

मोजपट्टी:
नाही, तुम्ही फक्त झोप धरलीत. डोळा लागायची २० आणि मधल्या जागरणाची १५ मिनिटं राहिली. ९:५५ ला दिवे बंद, आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत.