मदत हवी आहे: सांगलीहून मालवण, तीन दिवस. स्कुबा, सिंधुदुर्ग किल्ला आणि आईचे गुडघे

विश्रामबागकर

मार्गशीर्ष शुद्ध दशमीला, शुक्रवारी पहाटे निघून द्वादशीला, म्हणजे रविवारी रात्री सांगलीत परत यायचं आहे. गाडी घरचीच. आम्ही दोघं, मुलगा 14 वर्षांचा, मुलगी 9 वर्षांची आणि आई 68 वर्षांच्या. आई सपाटीला चालतात, पण उंच पायरी आली की गुडघा धरतो.

सध्याची आखणी अशी: शुक्रवारी पोचल्यावर किल्ला, शनिवारी देवबाग आणि त्सुनामी बेट, रविवारी सकाळी स्कुबा करून, जेवून परतीची वाट. घाट कुठला घ्यावा? मुलीला स्कुबाला सोडतील का? आईंना किल्ला कितपत जमेल? शेजारच्या पद्मगड या छोट्या किल्ल्यावर चालत जाता येतं असंही ऐकलंय, ते कधी? मासे कुठे खायचे ते विचारत नाही, आईंची एकादशी आणि बायकोचे मार्गशीर्षातले गुरुवार यात तो विषय शुक्रवारी रात्रीपुरताच उरलाय.

घाटवाट

सांगली ते कोल्हापूर 50, तिथून गगनबावडा 55 किलोमीटर. पुढे करूळ घाट उतरून वैभववाडी, तरळे, कणकवली, कसाल आणि उजवीकडे मालवण. एकूण दोनशेच्या आसपास, चहा-नाश्ता धरून साडेपाच तास. करूळ घाट दरडी आणि रस्त्याच्या कामामुळे अधूनमधून बंद असतो, त्यामुळे आदल्या संध्याकाळी गगनबावड्यात कुणाला तरी फोन करून खात्री करा. बंद असला तर राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट करून कणकवली. आंबोलीचा रस्ता चांगला असला तरी मालवणसाठी वळसा पडतो.

पहाटे निघताय तर हातकणंगल्यापर्यंत ऊस ट्रॉल्यांचं भान ठेवा. डिसेंबरात कारखाने ऐन भरात असतात, निम्म्या ट्रॉल्यांना मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. परतीला दाजीपूरमार्गे येणार असाल तर अंधार पडायच्या आत घाट चढा. तिथे गवे रस्त्यावर येतात आणि काळा गवा डांबरावर हेडलाइटमध्येही उशिरा दिसतो.

पाऊणपट

आखणी उलटी करा. स्कुबा शेवटच्या दिवशी ठेवू नका, हे आधी सांगतो.

पाण्याखाली दाबातली हवा घेतली की रक्तात जास्तीचा नायट्रोजन विरघळतो. तो हळूहळू बाहेर पडायला वेळ लागतो आणि त्याच्या आत उंचीवर गेलं, की बाहेरचा दाब कमी झाल्याने त्याचे बुडबुडे होऊ शकतात. विमानासाठीचा नियम एका डुबकीनंतर 12 तास आणि जास्त डुबक्या असतील तर 18 तास थांबण्याचा आहे, आणि तो 600 मीटरच्या पुढच्या कुठल्याही उंचीला लावतात. आंबोली सुमारे 690 मीटरवर आहे, गगनबावड्याचा माथाही याच हिशेबात धरा. पर्यटकांना पाच-सात मीटरवर पंधरा-वीस मिनिटं नेतात, तेवढ्याने धोका कमीच असतो. पण आखणीतले दिवस बदलायला पैसे पडत नाहीत.

आता भरती-ओहोटी. मालवणात सगळं तिच्यावर चालतं, आणि तुम्ही तिथी दिलीत म्हणून हिशेब सोपा झाला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, पण आखणीला पुरतं. दशमीला भरती साडेसात, ओहोटी दीड. एकादशीला सव्वाआठ आणि सव्वादोन. द्वादशीला नऊ आणि तीन.

त्यावरून:

शुक्रवारी अकराला पोचलात तर सामान टाका आणि थेट देवबागला जा. त्सुनामी बेट म्हणजे कर्ली नदीच्या मुखाजवळचा वाळूचा उंचवटा, भरतीला तो पाण्याखाली असतो. दीडची ओहोटी म्हणजे एक ते तीन तिथे पाय टेकतील. वॉटर स्पोर्ट्स तिथेच आहेत. संगमावर पोहायला मात्र कुणालाही उतरू देऊ नका. ओहोटीला खाडीचं सगळं पाणी त्या अरुंद तोंडातून समुद्राकडे ओढलं जातं, आणि गुडघाभर पाण्यातसुद्धा पायाखालची वाळू सरकते.

शनिवारी सकाळी स्कुबा. भरती पूर्ण होते त्या सुमारास पाणी थोडा वेळ थांबतं, गाळ कमी हलतो, दिसतं जास्त. शिवाय डिसेंबरात सकाळी मतलई वारा असतो, समुद्र निवांत. दुपारनंतर पश्चिमेचा वारा धरला की होडी हेलकावते आणि निम्मी माणसं कडेला वाकून बसतात. आठला पाण्यात असाल अशा बेताने आदल्या दिवशीच बोलून ठेवा.

रविवारी सकाळी आईंना घेऊन किल्ला, मग परत. स्कुबा आणि घाट यांत चोवीस तासांहून जास्त अंतर पडतं.

मुलीचं: समुद्रातल्या स्कुबासाठी 10 वर्षं हे किमान वय धरतात. कुणी "चालतंय की" म्हणून घेतलं तरी नको. लाइफ जॅकेट घालून स्नॉर्केलिंग करू दे, उथळ खडकांवरचे मासे तिला वरूनही दिसतील.

पद्मगड दांडीच्या किनाऱ्यावरून मोठ्या ओहोटीलाच गाठता येतो. एकादशीला पाणी मध्यम उतरतं, वाट पूर्ण उघडी पडेलच असं नाही. खास त्यासाठी यायचं तर पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरची तृतीया-चतुर्थी बघा. तेव्हा उधाण असतं आणि ओहोटी सकाळी आठ-नऊला लागते. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, ओढ कमी, म्हणून ते दिवस स्कुबाला चांगले आणि पद्मगडाला निकामी. जाल तेव्हा पाणी वळायच्या आत परत फिरा. चढत्या सहा तासांपैकी मधल्या दोन तासांत निम्मं पाणी चढतं, म्हणून "अजून घोट्याएवढंच आहे" या हिशेबात माणूस अडकतो. खडकांवर कालवं असतात, पट्ट्याचे सँडल हवेत.

तटबंदी

आईंना किल्ला जमेल. त्रास किल्ल्यात नाही, होडीत चढण्या-उतरण्यात आहे. जेटी जागची हलत नाही, पाणी मात्र उधाणाच्या दिवसांत दोनेक मीटर वरखाली होतं. ओहोटीला होडी खोल जाते आणि नेमकी ती उंच पायरी आईंच्या वाट्याला येते. भरतीला होडीची कड जेटीच्या जवळ येते. पाऊणपट यांनी रविवारी सकाळ सांगितली आहे ती म्हणूनच बरोबर. आधी तुम्ही उतरा, मग आईंनी होडीवाल्याच्या दंडाला धरावं. त्याने नुसता हात दिला तर झटका खांद्याला बसतो.

होडीवाले साधारण तासभर देतात. तेवढ्यात 48 एकर होत नाही, तेव्हा आईंसोबत एकाने थांबायचं आणि बाकीच्यांनी तट फिरायचा. दरवाजा दोन बुरुजांच्या बगलेत लपवलेला आहे, होडीतून दिसत नाही. आत शिरल्यावर चुन्यात उमटलेले महाराजांच्या हाताचे आणि पायाचे ठसे आहेत. तिथून शिवराजेश्वर मंदिरापर्यंतची वाट बरीचशी सपाट. हे मंदिर राजाराम महाराजांनी बांधलं. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी जवळच आहेत. खाऱ्या पाण्याने वेढलेल्या खडकावर गोडं पाणी लागलं, म्हणून या कुरटे बेटावर किल्ला होऊ शकला. काम 25 नोव्हेंबर 1664 ला सुरू झालं, बांधकाम हिरोजी इंदुलकरांकडे होतं. पायाचे दगड बसवताना शिसं ओतलं आहे.

तटावरच्या पायऱ्या उंच आहेत, कठडा नाही. मुलीचा हात सोडू नका. तटावरून 42 बुरुजांची नागमोडी रांग नीट दिसते. तिच्यामुळे शत्रूवर दोन्ही बाजूंनी मारा करता यायचा. फोटो काढताना मागे सरकू नका, एवढं मुलाला बजावा.

जमलं तर दांडीकडे जाताना मोरयाचा धोंडा बघा. किल्ल्याचं भूमिपूजन तिथे झालं. होडी लागत नाही, आईंना सोयीचं.

विश्रामबागकर

आखणी बदलली, सगळ्यांचे आभार. आता दोनच शंका. मला चष्मा आहे, आणि मुलाला थंडीत सर्दी धरते. गोळी देऊन उतरवला तर?

पाऊणपट

गोळी देऊन अजिबात नको. पाण्याखाली असतानाच गोळीचा जोर उतरला तर वर येताना कानात-सायनसमध्ये हवा कोंडते, आणि ते दुखणं खाली जातानापेक्षा वाईट. आदल्या रात्री नाक चिमटीत धरून, तोंड मिटून हळूच फुंकर मारायला सांगा. दोन्ही कानांत "टक" झालं तर ठीक, एक कान जरी बंद राहिला तर स्नॉर्केलिंग. पाण्यात गेल्यावर हेच पहिल्या अर्ध्या मीटरपासून करायचं, कान दुखायची वाट बघायची नाही. दुखलाच तर थोडं वर येऊन पुन्हा फुंकर. श्वास मात्र कधीच रोखायचा नाही. दमा, फाटलेला पडदा, हृदयाचं दुखणं किंवा नुकतंच ऑपरेशन असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नका.

चष्मा मास्कखाली बसत नाही. नंबरचा मास्क आहे का विचारा, नाहीतर मऊ लेन्स. दाढी-मिशी असेल तर मास्कमध्ये पाणी झिरपतं, ओठावरची मिशी थोडी कापलीत तरी फरक पडतो.

पैसे देण्याआधी विचारायचं: सिलिंडर पाठीवर का नुसती नळी, किती मीटर खोल, एका माणसामागे एक प्रशिक्षक आहे का, त्याचं कार्ड दाखवेल का. उत्तर देताना जो चिडतो त्याच्याकडे जाऊ नका. आणि व्हिडिओत मासे यावेत म्हणून पाव-बिस्किटं टाकतात, त्याला आधीच नाही म्हणा. प्रवाळाला हात लावायचा नाही, तुकडा तर मुळीच उचलायचा नाही. मालवणचा हा भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे आणि वाळूत पडलेला मेलेला तुकडासुद्धा घरी आणणं गुन्हा आहे. मुलीला शिंपले हवे असतील तर तारकर्लीच्या वाळूत ओहोटीला हवे तेवढे बघायला मिळतील.