पोहणाऱ्या मुलीच्या पाठीवर फिकट डाग – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही ठाण्यात राहतो. लेक नववीत आहे, लहानपणापासून पोहते आणि आता शाळेकडून जिल्हास्तरावर उतरायची तयारी चालू आहे. पावसाळा सुरू झाल्यापासून तिच्या पाठीवर, खांद्यांवर आणि मानेखाली फिकट ठिपके दिसायला लागले. आधी मसुराच्या डाळीएवढे होते, आता काही एकमेकांत मिसळलेत. अगदी पांढरेशुभ्र नाहीत, पण पाठ उन्हाने रापलेली असल्यामुळे लगेच नजरेत भरतात. खाज जवळजवळ नाही, घाम आला की थोडी चुणचुण. नखाने हलकं खरवडलं तर बारीक भुसा निघतो.

सासूबाईंचं म्हणणं, दूध आणि मासे एकत्र खाल्ल्याने झालं. शेजारच्या काकूंनी हळू आवाजात ‘कोड’ म्हटलं, आणि ते नेमकं हिच्या कानावर गेलं. त्यात टँकवर एका पालकांनी सरांकडे तक्रार केली की पाण्यातून बाकीच्या मुलांना लागेल. सर वाईट नाहीत, पण डॉक्टरांची चिठ्ठी आणेपर्यंत पाण्यात उतरू नको म्हणाले. तेव्हापासून ही घरात फुल बाह्यांचा टीशर्ट घालून बसते आणि ‘मला पोहायचंच नाही’ म्हणते.

मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली आहे. तिच्यावर बीटामेथासोन, निओमायसिन, क्लोट्रिमॅझोल असं लिहिलंय. अजून लावलेली नाही. लावू का? क्लोरीनमुळे रंग उडतो का? आणि हे खरंच पसरतं का?

टँकवरचा जुना भिडू
ताई, वर्णनावरून ही शिबं वाटतात. आमच्या बॅचमध्ये अर्ध्या पोरांना असायची, विशेषतः ओला कॉस्च्युम तसाच पिशवीत कोंबणाऱ्यांना. क्लोरीनने कातडी कोरडी पडते, खाजते, केस राठ होतात, पण असे ठिपके उठत नाहीत. आम्ही उपचार चालू असतानाही पोहत होतो.

त्वचावैद्य
मी याच विषयात काम करते, पण न बघता निदान करणार नाही. शिबं असण्याची शक्यता बरीच आहे, हे खरं. मॅलसेझिया नावाचं यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, आपल्या सगळ्यांच्याच कातडीवर असतं. दमट हवा, घाम आणि वयात येताना वाढणारं तेल मिळालं की ते फोफावतं, आणि रंगद्रव्य तयार होण्यात अडथळा आणतं. मूळचं प्रत्येकाच्या अंगावरच असल्यामुळे तलावाच्या पाण्यातून ते ‘लागत’ नाही. त्या पालकांना हे सांगायला हरकत नाही.

ती ट्यूब मात्र परत करा. बीटामेथासोन हे स्टिरॉइड आहे. त्याने चार दिवस बरं वाटतं, मग बुरशी चेकाळते, कातडी पातळ होते, आणि आमच्याकडे येईपर्यंत मूळ दुखणं ओळखू येत नाही. रोज बघते मी हे.

तपासणी सोपी आहे. वुड्स लॅम्पखाली (कातडी तपासायचा अतिनील दिवा) शिबं बहुधा पिवळसर-हिरवी चमकतात, कोडाचे डाग निळसर-पांढरे. खरवडून काढलेला भुसा सूक्ष्मदर्शकाखालीही बघतात. चेहऱ्यावर कोरडे फिकट चट्टे असतील तर तो पिटिरियासिस अल्बाही असू शकतो, कोरड्या कातडीच्या मुलांमध्ये दिसतो आणि त्यावर साधं मॉइश्चरायझरही बरंच काम करतं. आणखी एक, घाबरवण्यासाठी नाही: एखाद्या डागावर स्पर्श किंवा गरम-गार कळत नसेल तर अजिबात थांबू नका. कुष्ठरोग आपल्याकडून गेलेला नाही. त्याचे उपचार सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि वेळेत घेतले तर पूर्ण बरा होतो.

गावाकडची
आमची आजी लिंबू चोळायची बाई. जळजळ व्हायची नुसती, शिबं जागच्या जागी.

पांढरा_ठिपका
सगळे ‘शिबंच असतील, घाबरू नका’ म्हणताय म्हणून लिहितो. मला दहाव्या वर्षापासून कोड आहे. हातांवर, गुडघ्यांवर, आता तोंडाभोवतीही. कॉलेजात असताना विद्यापीठाच्या स्पर्धांत पोहलो. कोडही पाण्यातून, टॉवेलमधून, कशातूनच लागत नाही. आपलीच प्रतिकारशक्ती रंगपेशींवर उलटते, दूध-माशांचा काही संबंध नाही. डागांवर रंगद्रव्य नसतं, म्हणून उघड्यावर पोहताना सनस्क्रीन लागतं, एवढाच काय तो फरक. सरावाला लांब बाह्यांचा रॅशगार्ड (पोहताना घालायचा अंगाला घट्ट बसणारा टीशर्ट) घालता येईल, पण आंतरराष्ट्रीय नियमांत २०१० पासून मुलींचा पोशाख खांद्यांपलीकडे आणि गुडघ्यांखाली जात नाही. म्हणजे झाकाझाकीवर भिस्त ठेवली तर स्पर्धेच्या दिवशी पंचाईत होते.

लेकीला ‘ते नाहीये गं’ म्हणून धीर देऊ नका. उद्या तेच निघालं तर ती काय समजेल? निदान काहीही आलं तरी पोहणं चालू राहणार, हे आधी सांगा.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. पांढरा_ठिपका, तुमचा प्रतिसाद मी तिला वाचायला दिला. काही बोलली नाही, पण तुमचा स्ट्रोक कुठला होता ते विचारायला सांगितलंय.

आज त्वचारोगतज्ज्ञांकडे जाऊन आलो. दिवा लावून पाहिलं, भुसा तपासला. शिबंच आहेत. केटोकोनॅझोलचा शाम्पू दिलाय, तो डोक्याला नाही, मानेपासून कमरेपर्यंत लावून थोडा वेळ ठेवायचा आणि धुवायचा. संसर्गजन्य नाही, पोहायला हरकत नाही, अशी चिठ्ठीही दिली. पण रंग कधी येणार? तिला स्पर्धेआधी पाठ पूर्वीसारखी हवी आहे.

त्वचावैद्य
स्पर्धेआधी नाही येणार, हे तिला आत्ताच सांगून टाका. बुरशी काही आठवड्यांत जाते, रंग भरायला महिने लागतात. भुसा निघायचा थांबला की औषधाने काम केलं असं समजायचं, डाग दिसतात म्हणून स्वतःच्या मनाने पुन्हा पुन्हा लावत बसू नका. पुढच्या पावसाळ्यात परत येऊ शकतात. दमट दिवसांत अधूनमधून हाच शाम्पू लावायचा का, ते डॉक्टरांना विचारून ठेवा. पोहून झाल्यावर साध्या पाण्याने अंघोळ, अंग कोरडं, ओला कॉस्च्युम लगेच बाहेर. पाठीला खोबरेल तेल चोळत असाल तर सध्या बंद.

पांढरा_ठिपका
बटरफ्लाय. २०० मीटर. तिचा?

धागाकर्ती
बॅकस्ट्रोक. उद्या सकाळी चिठ्ठी घेऊन जातोय. त्या पालकांशी मी बोलणार नाही म्हणतेय, सरांनीच बोलावं.